तीन प्रकल्प, एक जीप आणि अक्कांचा तक्ता

ती घटना आजही आठवते, कारण त्या तपासातला सगळ्यात मोठा अडथळा मीच होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला धुळ्यात नवीकोरी फौजदार म्हणून रुजू झाले होते. कमरेचा पट्टा घट्ट, आवाज त्याहून घट्ट.

शहरात एका संस्थेचं औषध-संशोधनाचं कार्यालय होतं. साक्री, जामनेर आणि भुसावळ इथे तीन आजारांवरचे तीन प्रकल्प. तिन्हींना मिळून जीप एकच, आणि सगळा मेळ बसवणारी बाईही एकच. सगळे तिला अक्का म्हणत.

एके दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. साक्रीच्या रुग्णांच्या संमतीपत्रांवरचे अंगठे बोगस आहेत, अक्का ते कार्यालयातच उठवतात. संस्थेच्या डॉक्टरांनी कागद पाहिले आणि घाबरून फिर्याद दिली. कपाटाची किल्ली अक्कांकडेच. माझ्या लेखी तपास तिथेच संपला होता.

अक्कांना जबाबाला बोलावलं.

"साक्रीचे कागद तुमच्याच ताब्यात असतात?"

"हो. पण मॅडम, आमच्या भिंतीवरचा तक्ता..."

"विचारलं तेवढंच सांगा."

असं तीनदा झालं. शेवटी तक्त्याचं सोडून त्या पदराने चष्मा पुसू लागल्या. ते अपराधाचं लक्षण, असं मी डायरीत लिहिलंसुद्धा. ही नोंद सांगितली की माझी नातवंडं हसून लोळतात.

अटकेच्या कागदावर सही करणार, तेवढ्यात आमचे हवालदार आबा म्हणाले, "मॅडम, बाई तीनदा तक्ता म्हनल्या. पाहून तर येऊ. अटक झाली का नाव गेलं तिचं, मग ते परत येत नई."

गेलो. तक्त्यावर रोजच्या रकान्यात जीप कुठल्या प्रकल्पाला दिली ते लिहिलेलं, खाली ड्रायव्हरची सही. संशयित संमतीपत्रांवर चार तारखा होत्या. चारही दिवस जीप भुसावळला होती.

साक्रीच्या पाड्यांवर फिरून अंगठे आणणाऱ्या कर्मचाऱ्याला बोलावलं.

"पाड्यांवर कसे गेलात?"

"जीपनेच की."

"चारही दिवस?"

"चारही."

मी भिंतीवरून काढून आणलेला तक्ता पुढे सरकवला. त्याने चारही तारखांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बठ्ठा अंगठा मनाच शेतस, मॅडम."

जीप नव्हती, म्हणून डोंगरातली पायपीट टाळून त्याने सगळे ठसे घरीच स्वतःच्या बोटांनी उठवले होते. हाताची बोटं पुरेनात, तेव्हा पायाचीही वापरली. अक्का तक्त्याशी तारखा जुळवायला लागल्या, म्हणून संशय त्यांच्यावर ढकलायला तो निनावी फोनही त्यानेच केला. ठसेतज्ज्ञांच्या अहवालातलं पायाच्या बोटांबद्दलचं वाक्य आबांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

मी माफी मागायला गेले, तेव्हा अक्का पाड्यांवर स्वतः जाऊन नव्याने संमती घ्यायचे दिवस तक्त्यात भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बसा मॅडम. आता विचारा."

त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत प्रत्येक जबाबात माझा शेवटचा प्रश्न ठरलेला असे: "मी विचारायचं काय राहिलं?" त्या एका प्रश्नाने कितीतरी निर्दोष माणसं घरी गेली. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी आज अधिकारी आहेत, त्याही तोच विचारतात. मिळालेल्या पदकापेक्षा मला त्याचा अभिमान आहे. हा प्रश्न मॅडमच्या हुशारीतून निघाला, असं त्या सगळीकडे सांगतात. आजवर मी त्यांना अक्कांचं नाव सांगितलं नव्हतं.