तळमजल्याची चिठ्ठी

आमच्या सोसायटीचा ब्लॉग मी निवृत्तीनंतर सुरू केला, सहा-सात वर्षं नेमानं चालवला, आणि मग एके दिवशी तो उघडणंच सोडून दिलं. कुणी विचारलं तर डोळ्यांचं कारण सांगायचो. डोळे तेव्हा ठीक होते.

खरं कारण असं, की त्या ब्लॉगमध्ये एक न छापलेलं टिपण पडून होतं. माझा मित्र गेला त्यानंतरच्या आठवड्यात मी ते लिहिलं, छापायचं धैर्य झालं नाही म्हणून मसुदा म्हणून ठेवलं, आणि पुसायचंही धैर्य झालं नाही. लॉगिन केलं की यादीत सगळ्यात वर तेच दिसायचं. ‘सोडतीविषयी थोडं’. त्याच्या वर एक पिवळी पट्टी यायची, की ब्लॉगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे, अपग्रेड करा. टिपण बघायला लागू नये म्हणून मी पट्टीही बघत नव्हतो. अशी दहा-अकरा वर्षं गेली.

मग ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ब्लॉग होता तिचं पत्र आलं. जुनी यंत्रणा महिनाअखेरीस बंद करणार. त्याआधी सॉफ्टवेअर नवं केलं नाही तर ब्लॉग दिसणार नाही. मी घाईघाईनं लॉगिन केलं. म्हटलं, बाकी राहू दे, आधी ते टिपण काढून टाकू. यादी आली, टिपणावर क्लिक केलं, तर पांढरा कोरा पडदा. पुन्हा केलं, पुन्हा कोरा. सॉफ्टवेअर इतकं जुनं झालं होतं की त्याचे निम्मे भाग चालतच नव्हते. टिपण तिथे होतं, मला दिसत होतं, आणि मला ते ना उघडता येत होतं ना पुसता.

तसंच बुडू द्यावं, असं मनात आलं. पण ब्लॉगवर सोसायटीचा सगळा इतिहास होता. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांतून आम्ही वीस-बावीस मराठी कुटुंबं नोएडात कशी आलो, रस्ता नव्हता तेव्हा चिखलातून स्कूटर कशा ढकलल्या, ते सगळं. आणि माझ्या मित्राच्या आईचे फोटो होते. त्या घराचे अल्बम गॅलरीतल्या कपाटात वाळवीनं खाल्ले, त्यामुळे म्हातारीचे फोटो आता फक्त ब्लॉगवर होते.

तेवढ्यात मित्राच्या मुलीचा फोन आला. गुडगावला एका कंपनीत वेबसाइटी सांभाळायचंच काम करते. कंपनीचं पत्र सोसायटीच्या ग्रुपवर फिरलं होतं.

“काका, तुम्ही काही करू नका हं. बिल्कुल हात लावू नका. मी शनिवारी येते.”

“अगं, कशाला त्रास. जाऊ दे तो ब्लॉग.”

“जाऊ दे काय? आजीचे फोटो आहेत त्यात.”

शनिवारपर्यंतचे चार दिवस मी घरात येरझारा घालत काढले.

आता सोडतीचं सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. दुकानांत परदेशी वस्तू नुकत्याच दिसायला लागल्या होत्या, आणि आम्हा कारकुनांनाही वाटायला लागलं होतं की क्वार्टर सोडून स्वतःचं घर होऊ शकतं. सोसायटी काढली, मी सेक्रेटरी झालो. चार मजली इमारती, लिफ्ट नाही. कुणाला कोणता फ्लॅट, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार होतं.

माझा मित्र ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा आणि क्वार्टरमध्ये शेजारच्या दारात राहायचा. त्याची आई त्याच्याकडे होती. खुब्याचं हाड मोडून बसलेलं, काठीनं घरातल्या घरात चालायची. त्यानं सभेत विनंती केली होती की आईसाठी तळमजला राखून ठेवा. लोक ऐकेनात. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी म्हातारं होतं. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी, असा ठराव झाला. तो मीच लिहिला.

सोडतीच्या दिवशी मित्र सरकारी कामानं नागपूरला होता. जाताना म्हणाला, “माझी चिठ्ठी तूच काढ. तुझा हात बरा आहे.”

लक्ष्मीबाई नगरच्या हिरवळीवर थंडीच्या उन्हात सतरंज्या टाकल्या होत्या. बायका संत्री सोलत होत्या. पोह्यांचा स्टीलचा डबा रिकामा करून त्यात चिठ्ठ्या टाकल्या. ज्याचं नाव येईल त्यानं उठून चिठ्ठी काढायची, मी ती उघडून वाचायची आणि वहीत लिहायची. यादीत मित्राचं नाव माझ्या लगेच आधी होतं. मी म्हणालो, “दोन्ही एकदमच काढतो, वेळ वाचेल.” कुणाचीच हरकत नव्हती. मागून कुणीतरी म्हणालं, “सेक्रेटरी, एक आमच्यासाठीपण काढा,” आणि सगळे हसले.

आधी डाव्या हातानं मित्राची काढली, मग उजव्या हातानं माझी. वहीच्या आड दोन्ही उघडल्या. डाव्या हातात तळमजला होता. उजव्यात तिसरा मजला.

तळमजल्याला मागे जमिनीची एक पट्टी होती. माझ्या बायकोनं गेला महिनाभर त्या पट्टीत काय काय लावायचं याचा कागद करून ठेवला होता. अळू, कढीपत्ता, गवती चहा. ती समोरच सतरंजीवर बसून माझ्याकडे बघत होती. मी फार विचार केला असं म्हणता येणार नाही. मी वाचलं, मित्राला तिसरा मजला, मला तळमजला. लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

मित्र परत आल्यावर त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाला, “तुझ्या हातानं काढलीस ना, मग चांगलीच असणार. आईला ऊन तरी मिळेल.”

राहायला आलो तेव्हा म्हातारीला खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. त्या चौघांत मीही होतो. त्यानंतर सहा वर्षं ती वरच होती. डॉक्टरकडे न्यायचं तर पुन्हा चार माणसं गोळा करायची, म्हणून ती दुखणं सांगायची नाही. दिवसभर मागच्या गॅलरीत बसायची. खाली माझी पट्टी.

“अहो सेक्रेटरी, अळूला पाणी घातलं नाहीत वाटतं आज.”

“घालतो, काकू.”

“केव्हा, वाळल्यावर?”

मग दोरीला बांधलेली टोपली खाली यायची. भाजीवाल्यासाठी वरच्या सगळ्याच घरांत अशा टोपल्या होत्या. माझी बायको तिच्यात अळूची पानं, कढीपत्ता ठेवायची. म्हातारीनं कापूस वळून केलेल्या वाती उलट टपाली यायच्या. बायकोला ते शेजारधर्माचं मोठं सुख वाटे. तिला मी कधी सांगितलं नाही. तीही आता नाही.

ब्लॉग सुरू केल्यावर सोडतीवरही लेख लिहिला. ऊन, संत्री, पोह्यांचा डबा, सगळं आलं त्यात. ‘ज्याच्या नशिबात जे होतं ते त्याला मिळालं,’ असं शेवटचं वाक्य होतं. खाली मित्राची प्रतिक्रिया आहे, की छान लिहिलंस, आई असती तर खूश झाली असती.

शनिवारी मुलगी आली. लॅपटॉप उघडायच्या आधी तिनं कागद-पेन मागितलं.

“सगळ्यात आधी बॅकअप, काका. फाइल्सचा वेगळा, डेटाबेसचा वेगळा. आणि अपग्रेड आपण खऱ्या ब्लॉगवर करायचंच नाही. आधी कॉपी बनवू, ती मोडू दे वाटलं तर.”

कागदावर तिनं मोजून लिहिलं. छापलेले लेख किती, प्रतिक्रिया किती, फोटो किती. शेवटी लिहिलं, मसुदे : एक. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, “अपग्रेडनंतर हे सगळे आकडे तसेच्या तसे यायला पाहिजेत.”

दुपारपर्यंत ती कॉपीवर काम करत होती. एकदम नव्या आवृत्तीवर उडी मारायची नाही, पायऱ्या पायऱ्यांनी जायचं, असं सांगत होती. एका टप्प्यावर तिनं कपाळाला हात लावला. पडद्यावर लेखांचा सांगाडा होता, पण मराठी अक्षर एकही नव्हतं. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. जुनं सॉफ्टवेअर अक्षरं वेगळ्या पद्धतीनं साठवायचं म्हणे.

मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. त्या प्रश्नचिन्हांत तिच्या बापाची प्रतिक्रियाही गेली होती, आणि मी मनात म्हणत होतो, बरं झालं.

“टेन्शन नाही, काका,” ती म्हणाली. “कॉपीच आहे. म्हणून तर कॉपीवर करायचं.”

तासाभरात तिनं अक्षरं परत आणली. आकडे ताडून पाहिले, जुळले. मग कुठे खरा ब्लॉग नवा केला, पुन्हा आकडे ताडले.

“मसुदा पण आला. सोडत म्हणजे ड्रॉ ना? ठेवू की काढू?”

तिनं तो उघडला नव्हता. माझं बोट मी तिथे नेलं असतं तर एका क्लिकवर सुटका होती. मी म्हणालो, “वाच.”

तिनं वाचलं. लहानसंच होतं. सोडतीच्या गडबडीत माझ्या आणि मित्राच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी, असं मला पुढे वाटू लागलं, अशा अर्थाचं. इतक्या वर्षांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं ते मी तिच्या खांद्यावरून वाचलं, आणि कळलं की कबुलीतसुद्धा मी लबाडी केली होती.

“गडबडीत म्हणजे?” तिनं विचारलं. “तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं?”

“कळलं होतं.”

“कधी?”

“वाचून दाखवायच्या आधी.”

ती लॅपटॉपची वायर गुंडाळत म्हणाली, “आजीला मी अंघोळ घालायचे. मी अकरा वर्षांची होते. ती म्हणायची, एकदा खाली जाऊन गवतावर पाय ठेवायचाय.” मग म्हणाली, “आईला मी सांगणार नाही. ते तुम्ही करा. आणि हे असलं छापू नका. नीट लिहा.”

दारात तिनं एवढंच आणखी सांगितलं, की नवं सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाची जुनी प्रत जपून ठेवतं. आता काही बदललं तरी आधीचं तिथे राहतं. चहा घेतला नाही.

दोन दिवसांनी मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. मध्ये दोनदा बसावं लागलं. वहिनी आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, त्यांचेही गुडघे गेले आहेत, महिनोन्‌महिने त्या उतरत नाहीत. मी सगळं सांगितलं, चिठ्ठी कोणत्या हातात होती तेही. मग म्हणालो, घरं अजूनही बदलता येतील, मी वर राहतो.

“आता?” त्या म्हणाल्या. “आता मला खाली नेऊन काय बघायचंय, तुमचं अळू?”

मी उठलो तेव्हा म्हणाल्या, “सासूबाईंना कळलं असतं ना, तर त्या पानांना त्यांनी हात लावला नसता.” आणि मग, “लिहिणार असाल तर त्यांच्या गॅलरीतल्या फोटोखाली लिहा. जाताना दार ओढून घ्या.”

म्हणून हे त्या फोटोखाली आहे. जुना लेख मी काढलेला नाही, फक्त त्याच्या शेवटच्या वाक्यापुढे इथला दुवा दिला आहे. टिपण पुसलं.

भाजीवाला आला की तिसऱ्या मजल्यावरून टोपली अजून उतरते, पुढच्या बाजूला. मागच्या बाजूची दोरी गजाला गुंडाळून ठेवलेली आहे.