साहेबांचे बूट आणि समुद्र

तुमचे आजोबा परभणीला शेती खात्यात होते. सत्तरच्या दशकात त्यांना आणि त्यांच्या साहेबांना कोरडवाहू फळबागा बघायला महिनाभर ग्रीसला पाठवलं. मला बरोबर नेलं ते हौसेनं नव्हे. दोघांचंही इंग्रजी अडखळायचं, आणि मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली.

शेवटच्या रविवारी तिथल्या अधिकाऱ्यानं आम्हाला बोटीनं एका लहानशा बेटावर नेलं. किनाऱ्यावर वाळू नव्हती, गोटे होते, आणि पाणी असं की तळाचा खडान्खडा मोजून घ्यावा. मी गंगाखेडची. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. लग्नाआधी मी ती आडवी पोहून जायची, आणि लग्नानंतर चौदा वर्षं पाण्यात उतरले नव्हते. त्या दिवशी मला उतरायचं होतं.

पुरुष उतरले. त्यांचे कपडे, घड्याळं, साहेबांचे बूट सांभाळत मी बसले. तेवढ्यात काळ्या कपड्यांतल्या दोन म्हाताऱ्या आल्या आणि अंगावरच्या कपड्यांसकट, बाजारात गप्पा माराव्यात तशा बोलत, गळ्याइतक्या पाण्यात गेल्या. एकीनं मला खुणावलं. मी बसूनच राहिले तशी ती बाहेर आली आणि तिनं माझं मनगट धरलं. मी निऱ्या खोचल्यासुद्धा.

पाण्यातून आजोबा म्हणाले, "बस तिथंच. साहेब बघायलेत."

मी हात सोडवून घेतला. म्हातारी आजोबांकडं बघून काहीतरी बोलली. भाषा कळली नाही, टोमणा कळला.

थोड्या वेळानं लांबून एक मोठी बोट गेली आणि तिच्या लाटेनं साहेबांचे बूट ओढून नेले. मी कमरेएवढ्या पाण्यात धावले, बूट आणले, आतलं पाणी ओतून उन्हात ठेवले. साहेब हसले. "वैनी, बुटाच्या निमित्तानं तुमची आंघोळ झाली की."

परभणीला परतून आठवडा झाला नसेल. साहेबांकडच्या हळदीकुंकवाला साहेबीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काय हो, समुद्रात उतरलात म्हणे तिकडं? गड्यामाणसांपुढं?"

मी बुटांचं सांगितलं.

"आमचे हे तर बुटाचं काहीच बोलले न्हाईत," त्या म्हणाल्या, आणि बायका पदराआड हसल्या. बातमी माझ्या आधी घरी पोचली. सासूबाईंनी त्या संध्याकाळी मला देवघरात पाऊल ठेवू दिलं नाही.

मी आजोबांना म्हटलं, साहेबांना खरं काय ते सांगायला लावा. त्यांनी हातातला पेपर खाली घेतला नाही. "साहेबांना खोटं पाडू? माझी बढती त्यांच्या हातात हाय."

"मग ठपका पोहल्याचाच बसणार होता, तर पोहू तरी द्यायचं होतं मला."

"हळू बोल," ते म्हणाले. "आई ऐकायलीय."