आंबागडच्या लॅपटॉपची तपासणी

धान खरेदीच्या एका संस्थेत मी कॉम्प्युटरचं काम बघायचो. ऑफिस तुमसरला. हंगामाआधी गावोगावच्या केंद्रांवरचे लॅपटॉप तिथे यायचे आणि मी तपासल्याशिवाय एकही ऑफिसच्या नेटवर्कला जोडायचा नाही, हा नियम माझाच. व्हायरस आहे का, अँटिव्हायरस ताजा आहे का, विंडोजचे अपडेट झालेत का, सगळं बघायचो. व्हरांड्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली रांग बघून शिपाई म्हणायचा, "गुरांच्या दवाखान्यात आल्यावानी वाटून राहिलं." मला त्याचा राग यायचा.

आंबागडच्या केंद्रावर एक बाई ऑपरेटर होत्या, कंत्राटी. गेल्या वर्षी त्यांचं मशीन नापास झालं होतं. यंदाही झालं तर त्यांच्या जागी दुसरं कोणी बसवू, असं व्यवस्थापकांनी सांगून ठेवलं होतं. बाईंनाही ते ठाऊक होतं. त्यांच्या लॅपटॉपच्या झाकणावर दसऱ्याच्या पूजेचं कुंकू तसंच होतं.

तपासणीत व्हायरस निघाला. मी सगळ्यांसमोर सुनावलं, "गाणी, सिनेमे भरता, मग असं होतं. किती वेळा सांगायचं?"

"नाई जी सर," त्या म्हणाल्या, "घरी कोणाले हात नाई लावू देत मी. पोळ्याच्या आंधी तुमीच येऊन पेनड्राइव्ह लावला, तेवढाच. दुसरं कायी लागलंच नाई याले."

आंबागडला इंटरनेट रडतखडत चालतं, म्हणून अपडेट मी पेनड्राइव्हवर घेऊन जायचो. बाईंचं तोंड बंद करावं या हेतूने मी ती व्हायरसची फाइल मशीनमध्ये कधी शिरली ते उघडून पाहिलं. तारीख माझ्या फेरीचीच होती. त्या फेरीच्या आदल्या दिवशी मी झेरॉक्सच्या दुकानात त्याच पेनड्राइव्हवरून मुलीचा फॉर्म छापून घेतला होता. जगाची मशीनं तपासणाऱ्या माझा पेनड्राइव्ह कोणी तपासत नव्हतं, मीही नाही.

स्क्रीन माझ्याकडे होती, बाईंना काही दिसलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, गप्प बसावंसं वाटलं. पण त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या, ते बघवेना. त्यांना घेऊन व्यवस्थापकांच्या खोलीत गेलो आणि सांगून टाकलं. आता माझी नोकरी जाते असंच वाटत होतं.

साहेब हसले. "होऊन जाते हो असं कधी कधी. बसा, चहा घ्या."

चहा एकच आला. ज्या चुकीपायी बाईंना घरी बसवणार होते, ती माझी निघाल्यावर हसण्यावारी गेली होती. बाई उभ्याच होत्या.

"मंग माही मशीन पास ना जी, सर?" त्यांनी मला विचारलं.

"साफ करून देतो. पास," मी म्हणालो. हातातला भरलेला कप तसाच टेबलावर ठेवला आणि उठून उभा राहिलो.