छताला चिकटलेला भात

मी आंबी गाव सोडलं तेव्हा अर्धी आळी निरोप द्यायला जमली होती. बघणाऱ्याला वाटावं, पोरगा कॅनडाला निघालाय. निघालो होतो लोणावळ्याला. तळेगावहून लोकलने तासाभराच्या आत. हॉटेलात रिसेप्शनवर नोकरी लागली होती आणि शिफ्टच्या वेळा वेड्यावाकड्या, म्हणून तिथेच खोली घेतलेली.

आईने माझ्या हातात तीन लिटरचा कुकर दिला आणि दारातच बजावलं, "भात निम्म्याच्या वर भरायचा न्हाई. शिटी ठिवायच्या आदी झाकनाच्या नळीतून उजेड दिसतोय का बगायचं. वाफ गेल्याबिगर झाकनाला हात लावायचा न्हाई." मी मान डोलावत मोबाइल बघत होतो.

आबांनी, म्हणजे वडिलांनी, घरच्या इंद्रायणी तांदळाची पिशवी दिली. दोन किलोची.

"एवढाच?"

"बास. ह्यो सरायच्या आत येशील परत."

ते दोन किलो मला पोत्यापेक्षा जड झाले.

तुम्ही पुण्याला, दुबईला गेलेले लोक हसाल, पण मी पुरता परदेशात होतो. गावी भात शिजतो कसा हे मला माहीतच नव्हतं. तो ताटात असायचा. पहिल्याच आठवड्यात कुकरमध्ये डाळ घातली आणि पाणी घालायचं राहिलं. सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला. बाजारातल्या भांडीवाल्या काकांनी नवा कसा बसवायचा ते शिकवलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तू जास्तीचा एक घेऊनच जा."

तीन महिन्यांनी आई-आबा पहिल्यांदा खोलीवर आले. पिशवीत पाऊण किलो तांदूळ उरला होता. तो आबांच्या देखत संपवायचा, असा माझा बेत. म्हणून सगळाच्या सगळा कुकरमध्ये ओतला. पाणी गळ्याशी आलं. नळीतून उजेड बघायला वेळ कुणाला होता? तिच्यात कालच्या डाळीचं साल बसलं होतं.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

"शिटी का व्हईना रं?" आई म्हणाली.

"उंचावर वेळ लागतो, आई," मी म्हणालो आणि गॅस मोठा केला. जणू आंबीहून हिमालयात राहायला गेलो होतो.

पुढच्या क्षणी सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. पेजेचं पांढरं कारंजं छताला, पंख्याला आणि थोडं आबांच्या टोपीला. आणि मी, हॉटेलातल्या सवयीने, म्हणालो, "सॉरी सर, पाच मिनिटांत क्लीन करून देतो."

"सर कुनाला म्हनतो रं?"

मी गॅस बंद केला. आबा झाकणाकडे हात नेत होते.

"आबा, हात लावू नका!"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हुकूम सोडला, आणि ते चक्क थांबले. कुकर पूर्ण निवेपर्यंत तिघं त्याच्याकडे बघत बसलो. मग मी नळी पिनने मोकळी केली, धुतली, उजेडाला धरून बघितली. खणातून जास्तीचा व्हॉल्व्ह काढून बसवला. अर्धाकच्चा भात पातेल्यात काढला, निम्माच परत लावला. पहिल्या शिटीला गॅस बारीक केला, तिसरीला बंद. वाफ आपोआप गेल्यावरच झाकण उघडलं. आईचं जे कानांनी नीट ऐकलं नव्हतं ते हातांनी केलं. आई बघत होती. मग तिने पदराने आबांची टोपी पुसली.

भात झाला गिचका. आबांनी दोनदा वाढून घेतला.

"कुकर उडवतोस," ते म्हणाले, "पन सावरतोस बी."

मग त्यांनी रिकामी पिशवी झटकली, घडी घालून खिशात ठेवली. "संपला की." आता 'चल परत' म्हणणार, असं मला वाटलं. ते चपला घालून स्टेशनकडे निघाले. गाडीत चढताना मागे वळून म्हणाले, "बुधवारी आपल्या आळीतल्या तात्याचा टेंपो लोणावळ्याला येतोय. तांदळाचं पोतं धाडतो. घरी थांब."

ते माझ्या खोलीला घर म्हणाले होते. मी प्लॅटफॉर्मवर उभाच राहिलो, गाडी गेली तरी.

आता मला घरं दोन. आंबीला भात आई लावते, इथे मी नळीतून उजेड बघून लावतो. छतावरचा डाग मात्र मी पुसलेला नाही. घरमालकांना सांगितलंय, लोणावळ्याची ओल आहे.