संडासाचं कुलूप

लग्नानंतर मी सासूबरोबर पनवेलच्या मासळी बाजारात बसायला लागले. तिनं मला पहिली शिकवण दिली ती मासे कापायची नव्हती. "पाणी पिऊ नको," ती म्हणाली. "पिलीस तर दुपारी रडशील."

बाजाराच्या मागे बायकांसाठी संडास बांधलेला होता, पण त्याला कायम कुलूप. किल्ली बाजाराच्या ठेकेदाराकडे. मागायला गेलं की तो म्हणायचा, "तुम्ही घाण करणार, आणि साफ कोण करणार?" मग आम्ही घरून निघायचो ते पाटी रिकामी होईपर्यंत तशाच बसायचो.

मी तेव्हा फारशी बोलायची नाही. गिऱ्हाइकाला भावसुद्धा सासूच सांगायची.

एका उन्हाळ्यात माझ्या शेजारी बसणारी म्हातारी कोळीण बसल्या जागी कोसळली. मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, लघवी तुंबवून आत सूज आलीय, भरपूर पाणी प्या. रिक्षातून परत येताना ती मला म्हणाली, "पाणी पी सांगतान. पण जायाचं कुठं, ते नाय सांगत."

दुसऱ्या दिवशी मी कोयत्याच्या पाठीनं ते कुलूप फोडलं. आत काय होतं ते लिहीत नाही. पदरानं नाक बांधलं आणि बादल्या ओतायला लागले. सासू दारात येऊन उभी राहिली.

"आपलं काम नाय ह्ये. लोक काय बोलतील?"

"मग कोनाचं हाय, आई? आपन जायाचं आनि दुसऱ्यानं काढायचं?"

तिला उलट बोलायची माझी ती पहिलीच वेळ. ती पाटीवर जाऊन बसली.

थोड्या वेळानं ठेकेदार आला. "कोणी सांगितलं तुला? तू कोण लागतेस इथली?"

"मी इथं बसते," मी म्हणाले, "आणि मला जायला लागतं."

आजूबाजूच्या बायका हसल्या. त्याला ते झोंबलं. दुपारी दारावर नवं, मोठं कुलूप होतं.

दुसऱ्या सकाळी मी माझी पाटी नेहमीच्या जागी लावलीच नाही. सरळ त्याच्या ऑफिसच्या दारात लावली. सासू आली, माझ्याकडे न बघता शेजारी बसली. मग म्हातारी आली, मग बाकीच्या. ऊन चढलं, बर्फ वितळला, आणि बोंबलाचं पाणी उंबऱ्यावरून आत, त्याच्या खुर्चीखाली गेलं. गिऱ्हाइकं तिथंच येऊन मासळी घ्यायला लागली. तो नाकाला रुमाल लावून बाहेर आला आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"किल्ली नको," मी म्हणाले. "कुलूप काढा."

त्यानं काढलं. तेव्हापासून ते दार उघडं आहे.

त्याच दिवशी बायका म्हणाल्या, आता तूच आमची पुढारी. मी म्हटलं, बोलायला मी जाईन, पण धुवायची पाळी सगळ्यांची, आणि पहिली माझी. काहींना ते रुचलं नाही. एक जण तर महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मी तिची पाळीही करत राहिले, आणि तिला वापरायला कधी अडवलं नाही. शेवटी एका सकाळी तिनं माझ्या हातातला खराटा ओढून घेतला. "सर बाजूला," एवढंच म्हणाली.

त्यानंतर मी छपरासाठी भांडले, पिण्याच्या पाण्याच्या नळासाठी भांडले. साहेबांसमोर जीभ अडखळत नाही आता. हे धाडस भाषणं ऐकून आलेलं नाही. जिनं सगळ्यांसमोर संडास धुतला, तिला आणखी कशाची लाज दाखवणार? बाजारातले काही पुरुष पाठीमागे मला 'संडासवाली' म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या आया-बहिणी त्याच दारानं जातात.

परवा निवडणुकीला उभा राहणारा एक जण हार घेऊन भेटायला आला. त्या दिवशी धुवायची पाळी माझी होती. मी आतूनच सांगितलं, थांबा, लादी ओली आहे.