पडद्यामागचा डावखुरा

आमच्या करी रोडच्या चाळीत दर सव्वीस जानेवारीला सत्यनारायण असतो. पूजा आटोपली की संध्याकाळी पटांगणात पांढरा कपडा ताणून सिनेमा. सिनेमाही ठरलेला, तोच जुना विनोदी. कमिटीवाले दरवर्षी म्हणतात, "यंदा नवीन लावू," आणि बायका एका सुरात ओरडतात, "काही नको!"

मला कायम कुतूहल, की त्यात एवढं आहे तरी काय? गोष्ट म्हणाल तर पोरकट. बिनकामाचा एक मुलगा, मोठ्या नोकरीची थाप मारून मुलीच्या बापाला पटवायला बघतो. हिरो काटकुळा. गुंड मागे लागलेले असताना चप्पल निसटते, तर हा शहाणा चपलेसाठी उलटा फिरतो! हिरॉइन अख्ख्या सिनेमात एकदाही हसत नाही. नाकाला लोणचं लागलेल्या त्या येड्याला ती इतक्या गंभीरपणे झापते की आपलं पोट दुखायला लागतं. मी मारे ऑफिसात भारी भारी वेब सिरीजवर मतं देते, पण ती चप्पल निसटली की अजून फिस्सकन हसते. बहुतेक ती दोघं नट वाटतच नाहीत, म्हणून असेल. आमच्याच गॅलरीत कपडे वाळत घालणारी वाटतात.

आई मात्र वेगळ्याच कारणासाठी बघायची. "डावखुरा आहे ना बिचारा," ती म्हणायची. "म्हणून तर जेवणाच्या सीनमध्ये सासरा डोळे वटारतो. आणि पोरगी बघ, तिला काही फरक पडत नाही." मला वाटायचं, हा सारखी आमटी मागतो म्हणून सासरा वटारतो. पण हिरोच्या हातांकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं, आणि आईशी वाद कोण घालणार!

आई स्वतः डावखुरी. लहानपणी गावाला त्या हातावर तिने पुष्कळ फटके खाल्ले. समोरच्या खोलीतली काकू तिची जिवाभावाची मैत्रीण. बाजार एकत्र, पापड एकत्र. मग एका वर्षी जोडप्याने पूजेला बसायची पाळी आमच्या घराची आली. तेव्हा काकू सगळ्यांसमोर मस्करीत म्हणाली, "बसवा हिला, देवाला डाव्या हाताने नैवेद्य मिळेल." सगळे हसले. आईसुद्धा हसली. घरी येऊन बाबांना म्हणाली, "मला बरं नाही म्हणून सांगा."

झालं, तेव्हापासून अबोला. काकू पडद्यासमोर पहिल्या रांगेत बसते, म्हणून आई पडद्याच्या मागे, पोराटोरांत जाऊन बसायला लागली. हा सिनेमा आमच्याकडे सुरू झाला तो त्याच्यानंतर. टीव्हीवर लागला तरी ती बघायची नाही. "असले सिनेमे चारचौघांत बघायचे," म्हणायची.

यंदा पूजेनंतर चाळ रिकामी व्हायची होती. तिच्या जागी टॉवर उभा राहीपर्यंत आम्ही भाड्याने डोंबिवलीला, काकू मुलाकडे विरारला. या दोघी न बोलताच निघणार की काय, या विचाराने माझा जीव तुटत होता. दोघींना सांगून बघितलं. आई म्हणाली, "तू तुझं बघ." काकू म्हणाली, "तिला माझं तोंड बघायचं नाय, मी काय करू?" शेवटी मी आईशेजारी पडद्यामागे जाऊन बसले.

जेवणाचा सीन आला. आई मोठ्याने म्हणाली, "बघ, डाव्या हाताने जेवतोय!" मी पाहिलं, तर खरंच.

आणि कपड्याच्या पलीकडून काकूचा आवाज आला, "कोण म्हणता डाव्या हाताने? चांगला उजव्या हाताने जेवतोय की!"

अगं बाई! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मागून सगळं उलटं दिसतं. आई तावातावाने उठली आणि वळसा घालून पुढे गेली, मी तिच्या मागोमाग. पुढे हिरो मस्त उजव्या हाताने आमटी भुरकत होता. आई प्रोजेक्टरच्या उजेडात तशीच उभी. तिची सावली सासऱ्यावर पडली. "ओ काकी, बसा ना!" पोरं ओरडली, पण तिला ऐकूच गेलं नाही.

"म्हणजे माझ्यासारखा नाहीच तो," ती म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला.

काकू पहिल्या रांगेतून उठली. गुडघे धरत पडद्यामागे गेली. आता हिचं काय? आम्ही दोघीही मागे गेलो. काकू सतरंजीवर बसून टक लावून बघत होती. मग आईकडे न बघताच म्हणाली, "इथसून डावखुरोच दिसता गो. आणि वायट खंय दिसता?" मनातलं बोलायचं असलं की तिच्या तोंडी मालवणीच येते.

आई तिच्या शेजारी बसली, थोडं अंतर ठेवून. काकूने प्रसादाच्या शिऱ्याचा द्रोण उघडला. सवयीने आईचा डावा हात पुढे गेला, तिने तो पटकन मागे घेतला आणि उजवा पुढे केला. काकू थांबली.

"पयलो हात दी," ती म्हणाली, आणि शिरा आईच्या डाव्या हातावर ठेवला.

आईने तो खाल्ला. मग म्हणाली, "हे तेव्हाच म्हणाली असतीस, तर पूजेला बसले असते गो मी."

पडद्यावर चप्पल निसटली आणि अख्खी चाळ हसली. त्या दोघींचं लक्षच नव्हतं.