म्हशींच्या नावाचे आंबे

आम्ही नवघरला राहायला आलो तेव्हा इमारतीमागे एक म्हातारा म्हशी पाळायचा. म्हैस मेली की मीठ, शेण, पेंढा टाकून तिला वाडीतच पुरायचा आणि वर आंब्याचं रोप लावायचा. झाडाला नाव त्या म्हशीचंच. म्हशीला मारावी तशी थाप बुंध्यावर मारून मला आंबे द्यायचा. "घे बाय, ही चंद्री. लय गोड हाय."

यंदा त्याची शेवटची म्हैस मेली. वस्तीत जनावर पुरायला आता मनाई आहे, म्हणून पालिकेची गाडी तिला घेऊन गेली. खड्डा आधीच खणलेला होता. त्यात त्यानं रोप लावलंच.

परवा विचारलं, "बाबा, याचं नाव काय?"

रोपाला पाणी घालत तो म्हणाला, "याला नाव न्हाय. खाली कोन न्हाय ना."